आज कुठवर आला इतिहास?

मामाजी,

तुमची तेरवी आटोपली आणि दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेले. घरात बसवेना. सासू असून आत्याबाईच म्हणाल्या, "जाय वो, पोरं वाट पाहत असतीन." संध्याकाळी परतले, गाडी छपरीसमोर लावली, हेल्मेट काढलं आणि सवयीने थांबले. थांबायचं काही कारण नव्हतं. छपरीतली तुमची खाट आत नेऊन भिंतीला उभी करून ठेवली होती. तरी मी पर्स खांद्याला तशीच ठेवून अंगणात उभी राहिले. कारण लग्न होऊन या घरात आल्यापासून मी शाळेतून आले की आधी पायरी चढत नाही, आधी उत्तर देते.

"आज कुठवर आला वो इतिहास?"

बाकीच्यांचे सासरे सुनेला चहा मागतात. माझ्या सासऱ्यांनी इतिहास मागितला. शेजारच्या बाया हसायच्या. म्हणायच्या, मॅडमची शाळा सुटतच नाही, एक सुटली की दुसरी भरते. खरं होतं ते. आणि दुसऱ्या शाळेतला तो एकुलता एक विद्यार्थी पहिल्या शाळेतल्या सगळ्यांपेक्षा जास्त तोंडाळ होता.

मला सहावी, सातवी आणि आठवी, तिन्ही वर्गांचा इतिहास. सहावीला प्राचीन काळ, सातवीला मधला, आठवीला इंग्रज. त्यामुळे एकाच संध्याकाळी तीन ठिकाणचा हिशेब द्यावा लागे. पहिल्या बशीला सम्राट अशोक, दुसऱ्या बशीला शिवाजी महाराज आणि कपाच्या तळाशी कंपनी सरकार, असा आपला कारभार. तुम्ही ऐकायचात मात्र मन लावून. आणि सगळं ऐकून झालं की मिशीवरचा चहा पुसत एकच विचारायचात.

"थे सारं ठीक हाय. पन तवा धान कोन रोवे?"

पहिल्यांदा विचारलंत तेव्हा मी हडप्पा शिकवून आले होते. विटांचे रस्ते, झाकलेली गटारं, मोठं स्नानगृह, सगळं कौतुकाने सांगत होते. तुमचा प्रश्न ऐकून म्हणाले, मामाजी, तिकडे धान नव्हता, गहू होता. तुम्ही म्हणालात, "बरं. मंग गहू कोन पेरे?" मी म्हणाले, ते पुस्तकात दिलेलं नाही. त्यावर तुम्ही शांतपणे म्हणालात, "मंग पुस्तक लिहिनारा जेवत नसन."

मला राग आला होता. नवी नवरी होते, एम.ए., बी.एड. होते आणि पवनीची होते. पवनीच्या माणसाला इतिहासाचा माज जन्मतःच असतो. आमच्याकडे घराचा पाया खणला तरी दोन हजार वर्षांपूर्वीची वीट वर येते, आणि लोक ती धुऊन तुळशीपाशी ठेवतात. अशा गावातून मी करडी गावाच्या पल्याड, जंगलाच्या काठावरच्या या गावात आले आणि इथे एक माणूस मला हडप्पाच्या मधोमध रोवणीचं विचारतो! मी आत जाऊन भांडी जरा जोरात आपटली. तुम्ही बाहेरून ओरडलात, "राजाले नोको आपटू, पोचा येईन!"

पण तो प्रश्न डोक्यातून जाईना. काही दिवसांनी तोच मी वर्गात टाकला. किल्ल्यावर महाराज होते, मावळे होते, तोफा होत्या, मग खाली शेतात कोण होतं? आमच्या वर्गातल्या प्रत्येक पोराच्या घरी धानाची बांधी आहे. प्रत्येकाची आई आषाढात चिखलात उभी राहून परे रोवते. जी पोरं खिडकीबाहेर बघत असायची, ती एकदम माझ्याकडे बघायला लागली. इतिहासात आपल्याही घरचं कोणी असू शकतं हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं असावं. मामाजी, बी.एड. मी नोकरीसाठी केलं. वर्गात उभं राहण्यातली गोडी मला तुमच्यामुळे लागली. हे मी तुम्हाला कधी म्हटलं नाही, कारण तुम्ही लगेच गावभर सांगितलं असतंत.

गावभर तर तुम्ही काहीही सांगायचात. अकबर आणि अशोक यांची तुम्ही शेवटपर्यंत अदलाबदल केलीत. पानठेल्यावर बसून ठणकावून सांगायचात, की अशोकाचं सासर पवनीला होतं, आपल्या सुनेच्या गल्लीत. मी चिडले की म्हणायचात, "नव्हतं कायवरून? हाय का पुरावा तुह्यापाशी?" मी पुराव्याची माणूस आणि तुम्ही गप्पांचे. आपलं भांडण ठरलेलं होतं आणि मला ते जेवणातल्या लोणच्यासारखं लागायचं.

एकदा मी तुम्हाला माहेरी नेलं, आमच्या टेकडीवर, जिथे स्तूप निघाला. तुम्ही विटांवरून हात फिरवलात. इतक्या विटा भाजायला लाकूड कोणी फोडलं असेल, असं अपेक्षेप्रमाणे विचारलंत. मग मी सांगितलं, की इथे दगडांवर नावं कोरलेली सापडली आणि ती राजाची नाहीत, ज्यांनी दान दिलं त्या साध्यासुध्या माणसांची आहेत. असल्या स्तूपांवर बायांचीही नावं असतात. तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत, जसं काही मी थापच मारली.

"राजा सोडून लोकायचं नाव? गोट्यावर?"

"हो मामाजी."

"मंग तेवढी एक गोष्ट त्यायनं बरोबर केली."

परतीच्या बसमध्ये तुम्ही गप्प होतात. कारध्याच्या पुलावर वैनगंगा आली तेव्हा हात जोडलेत आणि स्वतःशीच पुन्हा म्हणालात, लोकायचं नाव. तुम्हाला एवढं गप्प बसलेलं मी तेव्हाच पाहिलं.

आणि मग ती गवताची गोष्ट. माझ्या नोकरीची दोन-तीन वर्षं झाली असतील. आठवीला मी सविनय कायदेभंग शिकवून आले होते. तीसच्या साली तिकडे समुद्रकाठी लोकांनी मीठ उचललं. आपल्याला समुद्र कुठला, म्हणून इकडच्या लोकांनी सरकारच्या राखीव जंगलात शिरून गवत कापलं आणि तसा कायदा मोडला. त्याला जंगल सत्याग्रह म्हणतात. मी एवढं सांगितलं आणि तुम्ही हसायला लागलात. हसता हसता तुमच्या डोळ्यांत पाणी आलं.

"अवं, माहा बाप त्यात जेलात गेल्ता ना!"

मी बशी खालीच ठेवली. माझ्या घरात सत्याग्रही आणि मला पत्ता नाही! पण तुम्ही हात हलवून मला थांबवलंत आणि खरं काय ते सांगितलंत. तुमचे वडील त्या दिवशी जंगलात गेले होते ते बैलांसाठी. चाऱ्याचं तणस संपलं होतं, रोवणी तोंडावर होती, बैल उपाशी ठेवून चिखल कसा करणार. नेहमीसारखे चोरून शिरले, गवत कापलं, भारा बांधला. तेवढ्यात पलीकडून झेंडा घेतलेली मंडळी घोषणा देत आली, त्यांच्या मागे पोलीस आले, आणि ज्याच्या ज्याच्या हातात इळा दिसला त्याला त्याला धरलं. तुमच्या वडिलांच्या हातात तर इळा होताच, डोक्यावर भाराही होता. एवढा ठळक सत्याग्रही त्यांना दुसरा मिळाला नसता.

काही महिन्यांनी सुटून आले तर गावाच्या वेशीवर हार घेऊन लोक उभे. दोन शब्द बोला म्हणाले. ते बापडे खरं तेच बोलले, "मी त बैलाले गवत कापाले गेल्तो." लोकांना वाटलं, काय हा विनय! आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. त्यानंतर त्यांनी ती गोष्ट गावात पुन्हा कधी काढली नाही. फक्त तुम्हाला, थोडं मोठं झाल्यावर, बांधावर बसून सांगितली.

मी पोट धरून हसले. दर वर्षी आठवीचा तो धडा आला की आपण दोघं ती गोष्ट पुन्हा सांगायचो आणि पुन्हा हसायचो. आत्याबाई चुलीपाशी असायच्या. त्या कधी हसल्या नाहीत हे मला आता आठवतंय.

गेल्या पावसाळ्यात सरपंच घरी आला. शाळेच्या फाटकाशी दगड बसवायचा आहे, गावातल्या स्वातंत्र्यसैनिकांची नावं त्यावर कोरायची आहेत, सव्वीस जानेवारीला उघडायचा आहे. तुमच्या वडिलांचं नाव पहिलं घेतो म्हणाला. तुम्ही चहा पाजलात आणि नाही म्हणून सांगितलंत.

मी त्या दिवशी तुमच्याशी खरोखर भांडले, एरवीसारखी गंमत नव्हती ती. मी म्हणाले, जेल झाली ती खरी आहे ना? तिची नोंद आहे. मोडला तो कायदा खरा आहे. झेंडेवाल्यांनी तो एक दिवस मोडला, आजोबा तर वर्षानुवर्षं मोडत होते. ज्या कायद्याने बैलाच्या तोंडचं गवत काढून घेतलं, तो मोडणारा सैनिक नाही तर कोण? तुम्ही ऐकून घेतलंत. मग म्हणालात,

"सूनबाई, ज्याले ठाऊक होतं का आपुन काय करून राहिलो, त्याचं नाव लिवा. माह्या बापाले ठाऊक नव्हतं. थो घाबरून रडला होता म्हने, ठान्यात. खोटा हार एकदा पडला त्याच्या गळ्यात, पुरे झाला."

मी म्हणाले, तुम्ही अशोकाचं सासर पवनीला नेता आणि बापाच्या बाबतीत एवढे काटेकोर!

"अशोक माहा बाप नव्हता," तुम्ही म्हणालात. आणि मी आणखी बोलायला लागले तेव्हा खाटेवर आडवे होत म्हणालात, "माह्या मेल्यावर काय करायचं थे कर."

आता मला सांगा मामाजी, हे वाक्य बोलून माणसाने असं खरंच जायचं असतं का?

शेवटच्या संध्याकाळीही तुम्ही विचारलंत. धान कापून झाला होता, खळ्यावर मळणीची मशीन यायची होती, तुमच्या डोक्यात सगळं तेच होतं. तरी विचारलंत. मी म्हणाले, आठवीला मीठ झालं, दांडीपर्यंत आलो. तुम्ही म्हणालात, "मंग उद्या माहा बाप येते." मी म्हणाले, "हो, उद्या येतील." दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन लागली आणि तुम्ही खळ्यावर गेलात. तणस नीट रचा म्हणून गड्यांना ओरडलात, आणि तणसाच्या ढिगाला टेकून उन्हात बसलात ते बसलात. मला शाळेतून बोलावून आणलं तेव्हा तुमच्या केसांत काड्या होत्या. मी त्या एकेक करून काढल्या. आत्याबाई म्हणाल्या, राहू दे, त्यायले आवडे.

मी फार रडले. सुनेने एवढं रडायची पद्धत नाही म्हणे. कोणीतरी कुजबुजलंही. मला रडू द्या म्हणावं.

तेरवीच्या पंगती उठल्या आणि सरपंचाने मला बाजूला घेतलं. मॅडम, दगड घडवणाऱ्याला सोमवारी नावं द्यायची आहेत. आता त मामाजी नाहीत, तुम्हीच सांगा, टाकू का आजोबाचं? मला हो म्हणायचं होतं. माझा मुद्दा बरोबर होता, अजूनही बरोबर वाटतो. तुम्ही परवानगीही देऊन गेला होतात. पण समोरचा माणूस उत्तर देऊ शकत नसताना जिंकण्यात मजा कसली? आणि नाही म्हणावं, तर शाळेत येणाऱ्या पोरांना आपल्या घराचा त्या लढ्याशी संबंध होता हे दगडावरून कधीच कळणार नव्हतं. मी म्हणाले, सोमवारी सांगते.

शाळेत पहिल्या दिवशी आठवीचा तास होता आणि पुस्तक जिथे थांबलं होतं तिथेच उघडलं. मीठ झालेलं. पुढे गवत. मी पोरांना सगळी गोष्ट सांगितली, हारासकट, रडण्यासकट. पोरं खूप हसली, मग त्यांनी खूप विचारलं. जेलात जेवण काय देत, मारत का, इळा परत दिला का. मी उत्तरं देत होते आणि मला काहीतरी राहिल्यासारखं वाटत होतं. घरी येताना, कालव्याच्या रस्त्यावर, रिकाम्या बांध्या दोन्ही बाजूंनी पसरलेल्या, आणि एकदम मला तुमचा आवाज आला. म्हणजे आला कसला, मीच आणला असेल. तवा धान कोन रोवे?

मामाजी, ती रोवणीची वेळ होती! घरचा गडीमाणूस ऐन रोवणीत जेलात, बैल कोठ्यात उपाशी, आणि तरी त्या वर्षी तुमचं घर जगलं. तुम्ही सगळ्या राजांना जो प्रश्न विचारलात तो या एका गोष्टीला विचारायचा तुमचा राहून गेला. माझाही राहिला. आपण दोघं हसण्यातच राहिलो.

म्हणून त्या संध्याकाळी अंगणात थांबले खरी, पण तिथून सरळ चुलीपाशी गेले.

"आत्याबाई, आजेसासरे जेलात गेले त्या वर्षी धान कोणी रोवला?"

त्यांनी भाकर उलटवली. "कोन रोवन? मायजीनं. अन् गावच्या बायायनं."

"आणि बैलांना चारा?"

"गवत कापून आनलं ना. दुसऱ्याच दिवशी. त्याच जंगलातून."

मी खालीच बसले. त्यांनी मग सांगितलं, भाकरी करता करता, जसं कालचं सांगावं. त्या सून म्हणून आल्या तेव्हा रोवणीत त्यांच्या सासूने, म्हणजे तुमच्या आईने, मायजींनी, चिखलात उभ्या उभ्या त्यांना सांगितलेलं. नवऱ्याला कशासाठी धरलं हे गावात सगळ्यांना कळलं होतं. आता या गवताला हात लावला की जेल, हे तान्ह्या पोरालाही ठाऊक झालं होतं. म्हणून तुमच्या आई दुसऱ्या दिवशी एकट्या निघाल्या नाहीत. रोवणीच्या बाया सोबत घेतल्या. दिवसाढवळ्या, वाटेने, इळे हातात घेऊन गेल्या. जंगलचा नाकेदार आडवा आला. तेव्हा तुमच्या आई म्हणाल्या, "धरून ने बापा. पन आधी हा भारा माह्या बैलायपुढे टाक, मंग मी येतो." नाकेदार त्या सगळ्या बायांकडे पाहत राहिला आणि बाजूला झाला. रोवणी होईपर्यंत त्या रोज जात राहिल्या.

"तुम्ही हे मामाजींना कधी सांगितलं नाही?"

"कोनं पुसलं?" आत्याबाई म्हणाल्या. "तुमी दोघं कपबशी घेऊन राजे मोजत होता."

मला हसू आलं आणि रडूही आलं, दोन्ही एकदम. मी विचारलं, मायजींचं नाव काय होतं? सगळे त्यांना मायजीच म्हणत. आत्याबाईंना आठवायला जरा वेळ लागला. सगुणा.

सोमवारी सरपंचाला सांगितलं. आजोबांचं नाव नको, त्यांच्या बायकोचं टाका. तो गोंधळला. "मॅडम, त्यायले जेल कधी झाली?" झाली नाही म्हणाले. "मंग कागद?" कागद नाही. आणि तेव्हा माझं मलाच हसू आलं, कारण आयुष्यभर पुरावा पुरावा करणारी मी, चुलीपाशी ऐकलेल्या गोष्टीवर दगड कोरायला सांगत होते. सरपंच मान हलवत उठायला लागला. मग मी म्हणाले, आत्याबाई सांगतात, त्या बायांमध्ये तुमचीही आजी होती, भागीरथा. तो पुन्हा खाली बसला. कागदाचं पुन्हा काही विचारलं नाही त्याने. आत्याबाईंपाशी जाऊन बसला आणि आणखी कोण कोण होत्या ते विचारू लागला. आणखी दोन नावं निघाली. बाकीच्या बायांची नावं आता कोणाला सांगता येत नाहीत, म्हणून शेवटी 'आणि रोवणीच्या सर्व बाया' असं लिहायचं ठरलं.

तेव्हा आपलं भांडण असं सुटलं मामाजी. तुमच्या वडिलांचं नाव नाही, तुमची जीत झाली. ज्याला ठाऊक होतं त्याचं नाव लिहा, हे तुमचंच माप. त्याच मापाने मोजलं आणि नाव तुमच्याच घरातून निघालं. तुम्ही असतात तर आधी मला म्हणाला असतात, पाह्य, म्हटलं नव्हतं? आणि मग बसमध्ये गप्प झालात तसे गप्प झाला असतात. माझ्या जिवाला एवढंच लागून राहिलंय, की तुमच्या आईची गोष्ट सगळ्या गावाला कळली आणि तुम्हाला कळली नाही.

म्हणून आज मी तुमची खाट बाहेर काढली. छपरीत होती तिथेच टाकली. आत्याबाई दोन कप चहा आणून ठेवून गेल्या. मी पर्स खांद्याला तशीच ठेवून अंगणात उभी राहिले. तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते.

आज तुमच्या मायपर्यंत आला, मामाजी.